आम्ही जूनमध्ये वेगळे होतोय

मी अमेरिकेत, जर्सी सिटीत मुलाकडे होते. सकाळी चाळणीत पोहे घेऊन नळाखाली धरले होते, तेवढ्यात सूनबाई फोनवर कुणाला तरी म्हणाली, "हो ना, आम्ही जूनमध्ये वेगळे होतोय." माझा हात तिथेच थांबला. पोह्यांचा पार लगदा झाला.

तिनं फोन ठेवल्याबरोबर मी विचारलं, "अगं, माझ्या मुलानं काय केलं?"

"कुठे काय?" मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हसून हसून खुर्चीत बसली. "आई, कंपनी वेगळी होतेय! कंपनी!"

कंपनी जर्मन, रसायनांची. औषधं जुन्या नावाकडे राहणार, रंग नव्या नावाखाली निघणार. हिला दोन्हीकडचं काम येतं, म्हणून कुठे जायचं ते हिनंच ठरवायचं. जीव रंगांत, पण नोकरीचा व्हिसा जुन्या नावावर. हसणं ओसरलं तशी म्हणाली, "जुन्याकडेच राहते. सेफ आहे."

आता मला राहवेना. आमचे हे ठाण्याला अशाच एका जर्मन रंगाच्या कारखान्यात होते. शाळा माझी आठवीपर्यंत, पण त्या कंपन्यांबद्दल मिळेल ते मी वाचत आले. म्हटलं, "ऐक. डांबरातून रंग काढणाऱ्या ह्या कंपन्या पहिल्या महायुद्धानंतर एकत्र आल्या. एकच चूल. त्या चुलीवर पापही शिजलं, दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतल्या कैद्यांना मरेस्तोवर राबवलं, ते मी झाकत नाही. जर्मनी हरल्यावर जिंकणाऱ्यांनी वाटण्या करून दिल्या. वेगळी निघालेली भावंडं पुन्हा मोठी झालीच ना? नाव म्हणजे दारावरची पाटी गं."

"आई, व्हिसा पाटीवरच असतो."

"मग वकिलाला विचार. मला इतिहास येतो, व्हिसा नाही."

विचारलंन् तिनं. वकील म्हणाला, नवी कंपनी जुनीची जबाबदारी लेखी घेणार असेल तर व्हिसाला धक्का नाही. कंपनी घेणार होती, तसं पत्रही आलं. सूनबाईनं रंगांकडे जाते म्हणून कळवलं.

तिच्या साहेबानं विचारलं म्हणे, नव्या कंपनीची भीती नाही वाटत? ही म्हणाली, "वाटते. पण सासूबाई म्हणतात, ह्या घराण्याला वेगळं व्हायची सवय आहे."

असं काही मी म्हटलं नव्हतं. पण म्हणायला हवं होतं, चांगलं आहे.