बोर्डाचं काम नागपूरलाच

लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकलं की किस्से शोधायला जावं लागत नाही, गिऱ्हाईकच ते चार्जरसोबत घेऊन येतं! माझं दुकान आदिलाबादला आहे. फॉरमॅट मारून देणारे इथं पुष्कळ. अख्खा मदरबोर्ड बदलून देणारी मी एकटी. हैदराबादला दीड वर्ष राहून शिकले. हळूहळू गावाला पटलं, पण बाबांना नाही. त्यांचं बियाण्यांचं दुकान माझ्या समोरच. पालुपद एकच, "बोर्डाचं काम नागपूरलेच होते." मीही हट्टाला पेटले. एक दिवस त्यांच्याच तोंडून ‘चांगलं झालं’ ऐकायचंच!

*

पहिला बोर्ड बसवला तेव्हा बाबा मुद्दाम बघायला आले. दोन तास खपले, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. ढिम्म! पुन्हा दाबलं. ढिम्म!

"म्या काय म्हनलं होतं?" म्हणत बाबा उठून गेले.

मग पाहते तर बटणाची पट्टी जोडायचीच राहिली होती! जोडली, चालू झाला. धावत सांगायला गेले, तर म्हणाले, "आता पाहाले वेळ नाही, गिऱ्हाईक हाय." दुकानात चिटपाखरू नव्हतं.

*

माझं काउंटर वहिदभाई सांभाळतात. एक साहेब आले आणि माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणाले, "कारीगर कहाँ है?" वहिदभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"नहीं, बड़ा कारीगर?"

"बड़े कारीगर येइच हैं, साब. छोटा मैं हूँ, चाय लाता हूँ!"

*

कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मुनीमजींचा लॅपटॉप तापून तापून मेला. उघडला तर पंख्यात मूठभर रुई, बोर्ड पार करपलेला.

"मुनीमजी, ही उशी कोणी भरली?"

"मॅडम, तेवढी रुई पुडीत बांधून द्या. मालक वजनात धरते!"

*

मुधोळकडचे एक काका पोरीचा लॅपटॉप घेऊन आले. म्हटलं, "काका, संध्याकाळी या."

"काऊन? मी काट्यापासून कधी हललो नाही." कापूस विकताना वजनकाट्याशी उभं राहायची सवय! तीन तास स्टुलावर बसून राहिले. शेवटचा स्क्रू बसल्यावर म्हणाले, "बावीस काढले होते, बावीस बसले. आता चाय पाजा."

*

नागपुरातला एक दुकानदार हैदराबादला माझ्यासोबत शिकायला होता, पण बोर्डापर्यंत पोचायच्या आधीच परत गेला. त्याचा कारागीर सोडून गेल्यापासून तो बोर्डाची कामं बसच्या पार्सलने माझ्याकडे पाठवतो. एकदा असंच पार्सल फोडलं, तर आत बाबांचा लॅपटॉप! झाकणावर दसऱ्याला मीच लावलेलं कुंकू. मला न सांगता गुपचूप नागपूरला देऊन आले होते. फार लागलं मनाला.

वहिदभाई म्हणाले, "वापस भेज दो, बेटी."

मी म्हटलं, मुळीच नाही! इतकं मन लावून आजवर कुठलंच काम केलं नव्हतं. बोर्ड बदलला, आतला कानाकोपरा पुसला, कुंकवाला धक्का लागू दिला नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने लॅपटॉप नागपूरला रवाना केला. दुकानदाराला बजावलं, बाबांना एक शब्द सांगायचा नाही.

चार दिवसांनी बाबा नागपूरहून उतरले ते लॅपटॉप काखेत मारून थेट माझ्याकडे. माझ्याच टेबलावर उघडून ठेवला.

"पाह्य! याले म्हनते काम. बटन दाबलं का चालू. लय चांगलं झालं. जरा शिकून घे."

"हो बाबा."

वहिदभाई काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागले.

बाबांनी पिशवीतून डबा काढला. आईने केलेल्या खोबऱ्याच्या वड्या होत्या. "त्या कारागिरासाठी नेल्या होत्या. पन तो मानूस दुकानात भेटलाच नाही. आता काय, तूच खाय."

मी तिथंच उभ्या उभ्या सहा वड्या खाल्ल्या.