राईतली काठी

आदल्या संध्याकाळी मी मुलगी पाहिली होती आणि सकाळ झाली तरी पाय जमिनीवर नव्हते. तिनं चहा पुढं केला तेव्हा मी नुसती बशी उचलून घेतली आणि कप तिच्याच हातात राहिला. ती ओठ दाबून हसली. तेवढ्या एका हसण्यावर मी रात्रभर टक्क जागा होतो.

ही नव्वदीच्या दशकातली, दिवाळीनंतरची गोष्ट. आहुप्याच्या अलीकडं डोंगरात एक वाडी आहे, तिथं मामा मला मुक्कामाच्या एसटीनं घेऊन गेला होता. माझे वडील मूळचे त्याच डोंगरातले. पण मी लहान असतानाच ते खाली खोडदला मजुरीच्या कामावर लागले आणि आम्ही कायमचे खालचे झालो. मी ना कधी चिखलात भात लावला होता, ना कधी हिरडा गोळा केला होता. मुलीच्या वडिलांना नेमकी त्याचीच काळजी होती.

"खाली वाढल्यालं पोरगं. त्याला आमची रीत ठावं असंल का?" त्यांनी मामाला विचारलं.

मामानं तोंड उघडायच्या आत मीच छाती फुगवून बोललो, "आमी डोंगरातलेच की! आमाला काय सांगाया लागत न्हाई."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सकाळी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाऊन झाली तसे म्हणाले, "चला पावणं, गडाला येक फेरी मारून येऊ. दोनच्या यष्टीच्या आत माघारी." मामानं लगेच दुखरा गुडघा चोळायला घेतला आणि तो ओट्यावरच बसला. होकार की नकार, ते या फेरीनंतर ठरणार, हे न समजण्याइतका मी बावळट नव्हतो. ती घरात कुठं दिसेना. पहाटेच गुरं घेऊन गेली होती म्हणे.

फेरी तशी सोपी. वाडीतून निघायचं, देवाची राई ओलांडायची, ओढा पार करून गड चढायचा, पलीकडून उतरायचं आणि दुसऱ्या ओढ्याच्या कडेकडेनं वाडीत परत. राईच्या तोंडाशी त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. मीही बूट काढले. बघून बघून करायला काय जातं! आत भर सकाळी अंधारल्यासारखं होतं आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली झाडांना विळखा घालून बसल्या होत्या. ते झपाझप पुढं गेले. मी रेंगाळत चाललो होतो, कारण माझ्या डोक्यात वरात निघाली होती आणि बँडवाले अजून पोचायचे होते.

तेवढ्यात एका पिळदार वेलीच्या बुडाशी ती काठी दिसली. वाळलेली, सरळसोट, खांद्याइतकी उंच. हातात काठी असली की माणूस डोंगरातला दिसतो, असा माझा ठाम समज होता. मी ती उचलली.

ओढ्यापाशी ते माझ्यासाठी थांबले होते; पाणी गुडघाभर होतं. मी काठी रोवली आणि थेट पलीकडं उडी मारली. ते दगडांवरून सावकाश आले. काठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चालू लागले. चांगलीच छाप पडली, मी मनात म्हटलं.

गड म्हणजे काय, तर अर्धा दरवाजा, ढासळलेला बुरूज, कातळातल्या पायऱ्या आणि पाण्याचं एक टाकं. पण त्या दिवशी मला तो अख्खा दिसत होता. बुरुजावर चढून, काठी उगारून, मी खाली कोकणाकडं तोंड करून आरोळी ठोकली. दरीतून ती परत आली. मग आणखी एक ठोकली, मग तिसरी. सासरे होऊ घातलेला माणूस टाक्याच्या काठावर तंबाखू मळत बसला होता.

"लई आनंद झालाय जनू," ते म्हणाले.

"लई!" मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

पलीकडं उतरलो तर दुसऱ्या ओढ्याकाठी गुरं चरत होती आणि ती पाण्यात पाय सोडून दगडावर बसली होती. मी काठी टेकवून ताठ उभा राहिलो. तिची नजर मात्र काठीवर.

"ही कुठनं आणली?" तिनं विचारलं.

"राईतनं," मी ऐटीत सांगितलं. "झकास हाय ना?"

ती हसली नाही. "राईतलं वाळलं पानबी आमी भायेर नेत न्हाई," ती म्हणाली. "चुलीला लाकूड नसलं तरी न्हाई. ते देवाचं."

"मी पयल्या वढ्यालाच बघितली," तिचे वडील शांतपणे म्हणाले. "म्हनलं, डोंगरातला मानूस हाय. येईल ध्यानात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालची फुगवलेली छाती कुठं लपवू असं झालं.

"आता?" मी विचारलं.

"गावातनं ती न्हेता यायची न्हाई. आल्या वाटंनं माघारी जाऊन ठिवा. न्हाईतर जाऊ द्या. बारा वाजून गेल्यात, यष्टी चुकंल." एवढं बोलून ते गुरं वळवायला गेले.

मी एकदा तिच्याकडं बघितलं आणि पळत सुटलो. चढाला धाप लागत होती आणि मधूनच स्वतःचंच हसू फुटत होतं. लग्न ठरवायला आलेला नवरदेव एका काठीला तिच्या घरी पोचवायला निघाला होता! बुरुजापाशी मात्र थांबलो. तिथून काठी भिरकावली असती तर थेट कोकणात गेली असती. मग आरामात खाली उतरून 'ठेवली' म्हणून सांगायचं. कुणाला कळणार होतं? पण 'आमी डोंगरातलेच' ही एक थाप कालच मारून झाली होती. दुसरी तिला मारायची नव्हती. मी पायऱ्या उतरायला लागलो.

राईशी बूट काढले आणि ती पिळदार वेल शोधून काढली. काठी बुडाशी ठेवली. मग शंका आली, जाड टोक इकडं होतं की तिकडं? फिरवून ठेवली. परत फिरवली. शेवटी हात जोडून देवाला म्हटलं, चुकलो. आणि त्याच दमात हावरटासारखं तिला मागून घेतलं.

"बास की आता. किती येळा फिरवताय?"

मी दचकून वळलो. ती एका बुंध्याला टेकून उभी होती, चपला हातात.

"तुमी इथं कशा?"

"गावातनं आले. जवळ पडतं. गुरं बाबांकडं दिली." मग म्हणाली, "बघायचं व्हतं, काठी येतीया का नुसते तुमीच येताय."

"आणि नुसता आलो असतो तर?"

"तर दोनची यष्टी व्हतीच की!"

आणि ती हसली, कालच्यासारखी ओठ दाबून नाही, चांगली खळखळून. तेवढ्यात खाली वाडीत एसटीचा हॉर्न वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. मामा कंडक्टरला धरून ठेवत असणार. पळालो असतो तर कदाचित गाडी मिळालीही असती. मी हललो नाही, आणि तीही हलली नाही. वळणापर्यंत गाडीचा आवाज ऐकू येत राहिला, मग थांबला.

"गेली," ती म्हणाली.

"जाऊ द्या," मी म्हणालो.