कामटी घेऊन फिरणारी सुषमा

उधव्याची सुषमा तलासरीत जिग्नेशच्या खाणावळीत भांडी घासायची. एका दुपारी, गिऱ्हाईक भरलेलं असताना, मोरीचं पाणी मागे फिरलं आणि स्वयंपाकघरात पसरलं. जिग्नेशने प्लंबरला फोन केला, तर तो वापीला कामावर अडकलेला. जिग्नेश आतून काठी खुपसत राहिला. पाणी हलेना.

"शेठ, आतून ढकलाल तर बोळा अजून घट्ट बसेल," सुषमा म्हणाली. "बाहेरून बघू द्या मला."

तिचा नवरा मनिष टोपल्या विणायचा. घरून त्याची एक लांब, लवचिक बांबूची कामटी तिने मागवली. मागच्या चेंबरवरची फरशी सरकवून तिने ती पाइपात सारली आणि हलक्या हाताने फिरवत राहिली. तूप, भात आणि माशांचे काटे मिळून झालेला गोळा बाहेर आला. त्यामागून खाणावळीचे हरवलेले चमचे खळखळत आले. जिग्नेश हसता हसता खालीच बसला. ज्या पोऱ्यांवर चोरीचा आळ घेतला होता, त्यांना त्याने त्या दिवशी आइस्क्रीम खायला घातलं.

त्यानंतर सुषमाला बोलावणी येऊ लागली. दुकानं, दवाखाना, बंगले. रबरी हातमोजे, गमबूट आणि कामट्यांची मोळी घेऊन ती निघायची. एकच गोष्ट ती ऐकायची नाही, मैल्याच्या टाकीत माणूस उतरवणं. "त्याला मैला उपसायची गाडी बोलवा, मी उतरणार नाही आणि कुणाला उतरू देणार नाही," एवढं बोलून ती सामान उचलायची.

तिच्या सासूला, सुकीला, हे काम मुळीच पसंत नव्हतं.

"पाड्यावर काय सांगू? सून लोकांची गटारं काढते?"

"सांगा, अडलेलं पाणी सोडते," सुषमा म्हणायची. सुकी तोंड फिरवायची.

एकदा दोघी सुकीचा चष्मा करायला डहाणूला गेल्या होत्या. तेवढ्यात जिग्नेशचा फोन आला. वरोरच्या कोळीवाड्यात त्याच्या मावशीकडे, सोनूबाईकडे, मुलीची हळद होती आणि न्हाणीतलं पाणी थेट ओटीवर आलं होतं. सुषमा रिक्षात बसली. एकटी परतायला नको म्हणून सुकीही बसली, पण चेहरा पाडूनच.

वरोरला मांडवात पाहुणे पाय वर घेऊन बसले होते. नवरी रुपल हळद लावलेल्या अंगाने पाटावर उभी, खाली पाणी. सुषमाने शेजाऱ्याची कामटी मागून घेतली आणि पदर खोचून मागे गेली. चेंबर उघडलं तर माशांचे खवले साचून त्यांची भिंतच झालेली. कामटी जाईना.

"गरम पाणी ओता, सोडा टाका," मागून आवाज आला. सुकी होती. "हंड्याला खवले चिकटले की आम्ही असेच सोडवतो."

सुषमाने वळून बघितलं. सुकी दुसरीकडे बघत होती.

बायकांनी भाताच्या चुलीवरचं आधण उचलून आणलं. सोडा पडला, कामटी फिरली आणि गटगट आवाज करत सगळं पाणी निघून गेलं. मांडवातून टाळ्या आल्या. बेंजोवाल्याने लगेच वाजवायला घेतलं.

आता सुकी ओटीवर बसून कोळणींना समजावत होती, "मोरीच्या तोंडाला जुन्या जाळ्याचा तुकडा बांधा. तुमच्याकडे जाळ्यांना काय तोटा?"

"बाय, तुझी सासू तर तुझ्यापेक्षा पक्की निघाली," सोनूबाई म्हणाली. तिने दोघींनाही हळद लावली आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

परतीच्या गाडीत सोनूबाईने दिलेले सुके बोंबील मांडीवर घेऊन सुकी खिडकीशी बसली. शेजारच्या बाईने विचारलं, "कुठे गेला होता?"

"वरोरला. आमचं काम होतं," सुकी म्हणाली. "तुमच्या घरचं पाणी नीट जातं ना?"

सुषमाने हसू लपवायला पदर तोंडावर घेतला. पदराला हळदीचा आणि मासळीचा वास येत होता.