मानेवरचा डंख

अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे ‘तोफ’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. लेकीने घराखाली छोटासा दवाखाना टाकावा, सर्दी-खोकल्याची औषधं द्यावीत आणि वेळेवर जेवावं, एवढीच त्यांच्या आईची इच्छा. पण बाईंचा जीव या धावपळीतच रमायचा. प्रत्येक आणीबाणीत वाटणारी भीती मोठ्या आवाजाखाली झाकून टाकायची सवय त्यांना लागली होती.

त्या दुपारी एक रंगारी मेहुण्याच्या खांद्याला धरून आत आला. कपड्यांवर पिवळे शिंतोडे, चेहरा मात्र पांढराफटक.

“दाजींना जेवण बाधलंय,” मेहुणा म्हणाला. “सारख्या उलट्या होतायत. एखादी गोळी द्या, म्हणजे आम्ही मोकळे.”

अंगावर ना गांधी उठलेल्या, ना सूज. “नुसतं गरगरतंय,” रंगारी पुटपुटला. बाईंनी चमकून वर पाहिलं.

“आवाज नेहमी असाच बसलेला असतो?”

“छे हो! दाजी शिडीवर गायला लागले की शेजारचे खिडक्या लावून घेतात.”

नाडी दोऱ्यासारखी बारीक लागत होती आणि सुसाट पळत होती. “काही चावलंय का?”

रंगाऱ्याने मानेला हात लावला. छपराखाली गांधीलमाश्यांचं पोळं होतं, त्याला ब्रश लागला आणि एक डसली. “त्यात काय, आमच्या धंद्यात चालायचंच.”

“आडवं करा यांना! पाय वर! अ‍ॅड्रेनॅलिन आणा!” तोफ धडाडली.

“बाई, अंगावर तर काहीच उठलं नाही,” सिस्टर म्हणाली.

“डंखाची अ‍ॅलर्जी आहे ही, दर वेळी उठतंच असं नाही. थांबलो तर हातचा जाईल.”

मांडीत इंजेक्शन गेलं, ऑक्सिजन लागला, सलाईन धो-धो सुटलं. तेवढ्यात रंगारी “बाथरूमला जाऊन येतो” म्हणत उठू लागला. मान जेमतेम उचलली आणि डोळे फिरले. बाईंनी दोन्ही हातांनी त्याला खाली दाबलं.

“उठायचं नाही! रक्तदाब तळाला गेलाय. आत्ता उभे राहिलात तर हृदय बंद पडेल.”

मेहुण्याची बोबडी वळली. “ताईला काय सांगू मी?”

रक्तदाब काही हलेना. आपलं निदान चुकलं तर नाही? बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण घसा बसलेला, डंख ताजा, नाडी हरवत चाललेली. दुसरं काय असणार? त्यांनी दुसरा डोस दिला आणि नाडीवरची बोटं काढलीच नाहीत. हळूहळू बोटांखाली ठोका भरू लागला. रंगाऱ्याच्या ओठांवर रंग आला.

संध्याकाळी त्याची बायको आली, तेव्हा स्वारी घरी जायला उतावीळ झाली होती. “अर्धी भिंत तशीच राहिलीय!”

“आजची रात्र इथेच,” बाईंनी ठणकावलं. “हे दुखणं उलटून येऊ शकतं.”

आणि ते आलंच. दिवेलागणीला त्याच्या अंगभर गांधी उठल्या, छाती सूं-सूं वाजू लागली. या वेळी इंजेक्शन जवळच तयार होतं. बायको भिंतीला टेकून उभी राहिली, त्याचा श्वास मोकळा होईपर्यंत.

घरी सोडताना बाईंनी पुन्हा कधी माशी डसली तर म्हणून जवळ ठेवायचं इंजेक्शन दिलं आणि ते कसं टोचायचं ते बायकोकडून उशीवर घटवून घेतलं. तिने पहिल्याच फटक्यात सुई आरपार घातली.

“अगं, हळू!” रंगारी कळवळला.

“तुम्ही गप्प बसा,” ती म्हणाली आणि पुन्हा उशी पुढे ओढली.