ग्वेनेथचा निरंतर प्रवास

नौका क्रमांक ५१७०२. नाव: ग्वेनेथ. प्रकार: अरुंद कालव्यातील निवासी बोट. लांबी त्रेचाळीस फूट, रुंदी सहा फूट दहा इंच. रंग: हिरवा. परवानाधारक: श्री. क्लाइव्ह ग्रेटरेक्स, वय चौसष्ट, निवृत्त. वर्ग: स्वतःचा कायमचा धक्का नसलेली, निरंतर प्रवासात असलेली नौका. सदर परवानाधारकाने असे लेखी कबूल केले आहे की, तो कोणत्याही एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून अधिक काळ मुक्काम करणार नाही आणि परवान्याच्या संपूर्ण मुदतीत प्रामाणिकपणे प्रवास करीत राहील.

हे कबूल करण्यापूर्वी क्लाइव्हने ते वाचलं नव्हतं. चौसष्टाव्या वर्षी माणूस कागद वाचत नाही, सही कुठे करायची तेवढं बघतो.

खरं सांगायचं तर त्याला कुठेही जायचं नव्हतं. चौतीस वर्षं त्याने स्टोकमधल्या एका बस कंपनीत वेळापत्रकं बनवली. कोणती बस किती वाजून किती मिनिटांनी कुठून सुटणार आणि कुठे पोचणार, हे तो ठरवायचा. बस त्याप्रमाणे सुटायची नाही आणि लोक त्याला शिव्या घालायचे. त्याच्या टेबलाशेजारी खिडकी होती आणि खिडकीखाली कालवा. काठावरच्या विलोच्या झाडाखाली एक लांबुडकी बोट बांधलेली असे. तिच्या धुराड्यातून धूर निघत असे आणि छतावर लाकडांची मोळी असे. वेळापत्रकात डोकं घालून मान आखडली, की क्लाइव्ह त्या बोटीकडे बघायचा. सगळ्या शहरात तेवढी एकच वस्तू अशी होती, जिला कुठे पोचायचं नव्हतं. घरमालकाने त्याची भाड्याची जागा विकून टाकली तेव्हा निवृत्तीच्या पैशातून क्लाइव्हने बोट घेतली, ती या बळावर.

ही गोष्ट त्याने पहिल्याच आठवड्यात मॉरीनला सांगितली. मॉरीन हॅडली सत्तावीस वर्षं कालव्यावर राहत होती. तिचं अख्खं बिऱ्हाड ‘टीपॉट’ नावाच्या बोटीत होतं आणि तिच्या तोंडाला झडप नव्हती.

“एकच बोट? चौतीस वर्षं?” ती म्हणाली. “अरे राजा, तिथे चौदा दिवसांच्या वर कोणाला थांबू देत नाहीत. ती दर वेळी वेगळी बोट होती. दोन-तीनदा तर मीच असेन.”

“धूर सारखाच दिसायचा,” क्लाइव्ह म्हणाला.

“आणि तू बसची वेळापत्रकं करायचास? तरीच मी जन्मभर स्टॉपवर उभी राहिले!”

बोटीचं नावही त्याचं नव्हतं. ग्वेनेथ ही आधीच्या मालकाची बायको, जी पुढे त्याला सोडून गेली. क्लाइव्ह नाव बदलायला रंगाचा डबा घेऊन बसला, तेव्हा मॉरीनने काठावरून आरडाओरडा केला. बोट पाण्यात असताना नाव बदलणं म्हणजे अवलक्षण, बदलायचंच तर ती कोरड्या गोदीत चढवून बदलायची. गोदीचा दर ऐकून क्लाइव्हने डबा बंद केला. कालव्यावर माणसाला बोटीच्या नावाने ओळखतात. त्यामुळे कोळसा विकणाऱ्यापासून कुत्री फिरवणाऱ्यांपर्यंत सगळे त्याला हाक मारत, “काय ग्वेनेथ, बरं आहे ना?” पहिले काही दिवस तो चूक दुरुस्त करायचा. मग त्यालाही दम पुरेना.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. पण विंचवाला पाठीवर पाण्याची टाकी भरावी लागत नाही, शेगडीची राख काढावी लागत नाही आणि दर चौथ्या दिवशी संडासाची पेटी हातगाडीवर घालून पाऊण मैल ढकलत न्यावी लागत नाही. क्लाइव्हला हे सगळं करावं लागे. सकाळी उठल्यावर खिडक्यांच्या आतलं पाणी पुसायचं, आत साचलेली हवा बाहेर सोडायची, बाहेरची थंडी आत घ्यायची, मग शेगडी पेटवायची, की पुन्हा खिडक्यांना पाणी. घर सहा फूट दहा इंच रुंद असलं, की माणूस कुठेही उभा राहिला तरी कशाच्या तरी आड येतो. क्लाइव्ह एकटाच होता, तरी दिवसातून चार वेळा स्वतःशीच धडकायचा. नव्याची नवलाई नऊ दिवस टिकते म्हणतात, इथे ती चौथ्याच दिवशी पेटीबरोबर रिकामी झाली.

तरीही चौदा दिवसांच्या अटीवर त्याने उपाय काढला होता. त्याने वेळापत्रक केलं. सत्तेचाळीस क्रमांकाचा पूल आणि एकोणपन्नास क्रमांकाचा पूल, मधलं अंतर आठशे यार्ड. तेरा दिवस इकडे, तेरा दिवस तिकडे. तक्ता सुबक अक्षरात काढून त्याने शेगडीच्या वर चिकटवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं एखादं वेळापत्रक मिनिटाचाही फरक न पडता पाळलं गेलं.

वर्षभराने पत्र आलं. दर पंधरवड्याला काठच्या पायवाटेने एक मुलगी हातात यंत्र घेऊन चालत जायची आणि प्रत्येक बोटीचा क्रमांक टिपायची. तिच्या नोंदींवरून असं दिसत होतं, की श्री. ग्रेटरेक्स यांचा वर्षभराचा सगळा प्रवास त्याच आठशे यार्डांत झाला आहे. याला प्रवास म्हणता येत नाही, असं पत्रात अतिशय सभ्य भाषेत लिहिलं होतं. आता वर्षाचा नाही, सहा महिन्यांचा परवाना मिळेल. तेवढ्यात बोट खरोखरच लांबवर फिरली असं नोंदीत दिसलं, तर पुढचा परवाना. नाही दिसलं, तर परवाना नाही. आणि बिनपरवान्याची बोट शेवटी क्रेनने उचलून नेतात, हे पत्रात नव्हतं, मॉरीनने सांगितलं.

क्लाइव्हकडे दुसरं घर नव्हतं. लीक गावात एक मेव्हणी होती, तिच्या पत्त्यावर त्याची पत्रं यायची. पत्रं ठेवण्यापलीकडे तिची तयारी नव्हती.

मग तो निघाला. उन्हाळाभर तो पश्चिमेच्या सपाट पट्ट्यात फिरला, आणि तिथेही दमला की दोनदा दोन-दोन महिने एकेका पुलाभोवतीच घुटमळला. नोव्हेंबर उजाडला. परवाना नऊ तारखेला, शनिवारी संपणार होता. हिशोब जुळायला एकच मार्ग उरला होता: मार्लपिटचे तेरा लॉक चढून डोंगरापलीकडचा पट्टा गाठायचा. पण ते लॉक हिवाळ्याच्या दुरुस्तीसाठी शुक्रवारी दुपारी बाराला बंद व्हायचे होते, ते थेट फेब्रुवारीअखेरपर्यंत. आठ नंबरच्या लॉकचे खालचे दरवाजे कुजून गळत होते, ते बदलायचे होते.

“गुरुवारी आठ चढू, मधल्या पट्ट्यात मुक्काम करू, शुक्रवारी सकाळी उरलेले पाच,” मॉरीन म्हणाली. तिलाही वरच जायचं होतं. वर कोळशाची वखार होती आणि तिला चालणारी बिअर होती. “मी पुढे, तू मागे. आणि ग्वेनेथ, ऐकून ठेव. लॉकमधून बाहेर पडलास की आधी झडप खाली, मग दरवाजा बंद, मग चहा. या क्रमाने. चहा पहिला आला की कालवा जातो.”

लॉक म्हणजे बोटीसाठी पाण्याची पायरी. खालच्या दरवाजातून आत शिरायचं, दरवाजा बंद करायचा, लोखंडी हँडलने वरची झडप फिरवून उचलायची, पाणी भरतं, बोट वर येते. एकट्या माणसाला हे करायचं तर बोटीतून शिडीने वर, वरून खाली, एका काठावरून दुसऱ्या काठावर. क्लाइव्हचा उजवा गुडघा तिसऱ्या लॉकला बोलायला लागला आणि पाचव्याला ओरडायला. सहाव्या लॉकवर त्याने गार झालेलं, चीज घातलेलं ओटचं धिरडं उभ्यानेच खाल्लं. पाऊस बारीक होता, पण सोडत नव्हता. आठव्या लॉकमधून ग्वेनेथ वर आली तेव्हा अंधारायला आलं होतं आणि समोर आठव्या आणि नवव्या लॉकमधल्या पट्ट्याच्या काठावर टीपॉटच्या खिडकीत दिवा लागला होता. क्लाइव्हने मागे वळून दरवाजा लावला. हँडल कमरेच्या पट्ट्यात खोचलं. बोट बांधली. चहा केला. तो पिण्याआधीच झोपला.

सकाळी तो भिंतीवर जागा झाला.

म्हणजे तो होता तिथेच होता, भिंत त्याच्या खाली आली होती. किटली, कप, मेणबत्ती आणि तक्ता एका कोपऱ्यात जमा झाले होते. खिडकीतून पाण्याऐवजी चिखल दिसत होता. त्या चिखलात एक सायकल, दोन ट्रॉल्या आणि कुणाचं तरी हरवलेलं लॉकचं हँडल. अख्खा पट्टा उपसल्यासारखा कोरडा पडला होता. शेजारी टीपॉटही तशीच कलंडली होती.

“ग्वेनेथ!” आतून आवाज आला. “माझं सूप जमिनीवर आहे. तू चहा कधी केलास?”

क्लाइव्ह हाता-पायावर बाहेर आला आणि लंगडत आठव्या लॉकपर्यंत गेला. वरची झडप अर्धी उघडी होती. रात्रभर पट्ट्यातलं पाणी तिच्यातून लॉकमध्ये उतरत होतं आणि लॉकच्या कुजक्या दरवाजांतून खाली गळत होतं. त्याने झडप बंद केली. आता तिला काही काम नव्हतं.

साडेआठला मि. पिकरिल आले. ते निवृत्त मुख्याध्यापक, आता लॉकवर बिनपगारी सेवा देत. अंगात लाल जीवरक्षक जाकीट आणि हातात फळीला लावलेले फॉर्म. चिखलाकडे त्यांनी नापास वर्गाकडे बघावं तसं बघितलं.

“वरून पाणी सोडायला हवं,” ते म्हणाले. “पण धरणातलं पाणी तळाला गेलंय. हा पट्टा भरायला रविवार उजाडेल. आणि लॉक आज बाराला बंद.”

“मग आम्ही?” मॉरीनने विचारलं.

“तुम्ही इथे. मार्चपर्यंत. वर पाच, खाली आठ, सगळ्यांना कुलूप.” त्यांनी पेन काढलं. “आता कारण. तीन रकाने आहेत. यंत्रणेतला बिघाड, उपद्रवी मुलं, बोटचालकाची चूक.”

मॉरीनने क्लाइव्हकडे बघितलंही नाही. “पोरंच असणार, मास्तर. त्या वस्तीतली. परवा मला चिखल मारत होती.”

“पोरांनी हँडल कुठून आणलं?”

“आजकालची पोरं. काहीही आणतात.”

पिकरिलचं पेन मधल्या रकान्यापाशी थांबलं. पोरांचं नाव लागलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं, पोरं नेहमीचीच होती. क्लाइव्ह ओल्या लाकडी ओंडक्यावर बसला होता. तो फार प्रामाणिक माणूस होता असं नाही. पण खोटं बोललं की ते पुढे लक्षात ठेवावं लागतं आणि त्याच्यात तेवढी ताकद उरली नव्हती.

“मी केलं,” तो म्हणाला. “झडप राहिली. चहा आधी केला.”

“गाढव,” मॉरीन म्हणाली. “मी एवढं सांगितलं, ते गेलं पालथ्या घड्यावर.”

पिकरिलनी तिसऱ्या रकान्यात फुली मारली. मग शिस्तीत, वर्गात हजेरी घ्यावी तसं विचारलं. नाव? बोटीचा क्रमांक? ठिकाण? किती वाजता, कुठून कुठे? क्लाइव्हने सगळं सांगितलं. सकाळी साडेनऊला तळाच्या लॉकला, संध्याकाळी पावणेपाचला आठव्यावर. वेळा त्याला बरोबर आठवत होत्या, ती त्याची जुनी खोड होती. खाली सही कुठे करायची तेवढं त्याने बघितलं.

त्या आठवड्यात यंत्रवाली मुलगी आजारी होती आणि पायवाटेवर आली नव्हती. शनिवारी क्लाइव्हचा परवाना संपला. रविवारी पट्टा भरला, बोटी सरळ झाल्या, कप पुन्हा कपाटात गेले. क्लाइव्हने कपडे एका पिशवीत भरून ठेवले आणि क्रेनची वाट बघू लागला. मॉरीनने त्याच्याशी चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी सूप आणून दिलं.

“मेव्हणीकडे जाशील?” तिने विचारलं.

“ती घेणार नाही.”

“मीही घेतलं नसतं. टीपॉटमध्ये तर मलाच जागा नाही.” तिने शेगडीला हात लावून बघितला. “थंड झाली बघ तुझी शेगडी.”

“आता कशाला पेटवायची?”

“अरे, क्रेनवाले येईपर्यंत तरी गारठू नकोस.” आणि तिने स्वतःच कोळसा घातला.

अठरा तारखेला, मेव्हणीने लॉकच्या पत्त्यावर पुढे पाठवलेलं परवान्याचं पत्र घेऊन पिकरिल पट्ट्यावर आले. क्लाइव्हने ते या वेळी पहिल्या ओळीपासून वाचलं. परवान्याच्या मुदतीत नौका ५१७०२ च्या प्रवासाबाबत शंका होती, परंतु दिनांक ७ नोव्हेंबर रोजी सदर नौकेने मार्लपिट येथील आठ लॉक पार केल्याची वेळेसह नोंद घटना-अहवालात उपलब्ध आहे. घटना: पट्टा रिकामा होणे. कारण: बोटचालकाची चूक. तरी सदर परवानाधारकास समज देण्यात येत असून, प्रवासाचे समाधानकारक प्रमाण पाहता निरंतर प्रवासाचा परवाना पूर्ण एक वर्षासाठी नूतनीकृत करण्यात येत आहे.

“म्हणजे पोरांचं नाव घातलं असतं, तर तुझा क्रमांक कुठेच नव्हता,” मॉरीन म्हणाली. तिने पत्र उलटसुलट करून बघितलं, जणू मागच्या बाजूला काही विनोद छापलेला असेल. “सत्तावीस वर्षं मी सगळ्या झडपा वेळेवर बंद केल्या. मला कधी समाधानकारक म्हणाले नाहीत.”

क्लाइव्हने पिशवीतले कपडे काढून परत कप्प्यात ठेवले. मग खुर्चीत बसला. निरंतर प्रवासात असलेली नौका ग्वेनेथ त्यानंतर एकशे दोन दिवस जागची हलली नाही.