साखरेत साखर न्हाय!

बारामतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बायॉलॉजी शिकवते. दरवर्षी अकरावीला तोच धडा, बायोमॉलिक्यूल्स. कार्बोहायड्रेट, प्रोटीन, फॅट, डीएनए. धडा बदलत नाही, पोरं बदलतात, त्यामुळे किस्से मात्र साठत जातात. चहाच्या सुट्टीत कुणी "मॅडम, तो उसवाला सांगा ना" म्हणालं की मी सुरू होते, आणि एकावर थांबणं काही जमत नाही.

तर आधी तो उसवालाच.

बेनेडिक्ट नावाचं एक निळं औषध असतं. ग्लुकोज घालून गरम केलं की विटेसारखं लाल होतं. एका वर्षी पोरांनी चहाची साखर पाण्यात विरघळवली, औषध घातलं, गरम केलं. निळं ते निळंच! वर्गात निम्मी पोरं ऊसवाल्यांची. एकच गलका झाला, "साखरेत साखर न्हाय!"

दुसऱ्या दिवशी इंदापूरकडच्या एका पोराचे आजोबा लॅबच्या दारात हजर. पांढरी टोपी, हातात पिशवी.

"बाई, नातू म्हणतोय साखरंत साखर न्हाय. मग आमी जलमभर कारखान्याला काय घातलं?"

मी त्यांना स्टुलावर बसवलं. म्हटलं, "आबा, ही साखर दोन साखरा एकमेकींना जोडून झालेली असते. जोडलेल्या असताना हे औषध त्यांना ओळखत नाही. अ‍ॅसिड घालून उकळलं की त्या सुट्या होतात." मग तसं करून दाखवलं. अ‍ॅसिड, उकळी, थोडा सोडा, पुन्हा औषध. ट्यूब लालभडक!

आबांनी ट्यूब उजेडात धरून नीट पाहिली.

"म्हंजी उकळल्याबिगार कबूल करत न्हाय."

एवढं बोलून पिशवी उचलली आणि गेले.

*

काटेवाडीचा एक विद्यार्थी जिमला जायचा. बाह्या दुमडलेल्या, दंड सगळ्यांना दिसतील असा उभा राहायचा. प्रोटीनच्या टेस्टला सगळ्यांनी अंड्याचा पांढरा भाग आणला, यानं घरचा प्रोटीन पावडरचा डबा आणला. डब्यावर एका पैलवानी बाप्याचा फोटो.

अंड्याच्या ट्यूबा जांभळ्या झाल्या, म्हणजे प्रोटीन आहे. याची जेमतेम, जांभळी म्हणावी की नको अशी. मी म्हटलं, "आता साखरेची टेस्ट कर." केली. लगेच लाल!

त्यानं ट्यूब स्टँडमध्ये ठेवली. मग हळूच बाह्या खाली केल्या.

"मॅडम, म्हणजे मी तीन महिने सरबत पिलो?"

*

फॅटची टेस्ट सगळ्यात सोपी. पदार्थ कागदावर घासायचा. कागद तेलकट होऊन आरपार उजेड दिसायला लागला, की फॅट आहे.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून एक सर आले होते. समोर गरम भजी, शेजारी जर्नलचा गठ्ठा. एका हातानं भजी, दुसऱ्या हातानं पानं उलटणं, मधेच हातांची अदलाबदल. पणदऱ्याची एक मुलगी तोंडी परीक्षेला उभी होती.

"फॅट ओळखायची टेस्ट सांग."

तिनं सांगितली. बरोबर सांगितली.

"उदाहरण?"

मुलीनं टेबलाकडं बघितलं. मग म्हणाली, "सर, तुमच्या अंगठ्याखालचं पान. माझंच जर्नल आहे."

सरांनी अंगठा उचलला. खालचा गोल आरपार दिसत होता! त्यांनी रुमाल काढला, हात पुसले आणि पैकीच्या पैकी मार्क दिले.

*

केळ्यातून डीएनए काढता येतो. केळं कुस्करायचं, मीठ आणि भांड्याचा साबण घालून गाळायचं, वरून थंड अल्कोहोल सोडायचं. मग पांढरे धागे वर तरंगतात. पालकसभेला मी ती ट्यूब टेबलावर ठेवली होती, तेवढीच शोभा.

एक जोडपं आलं. पोराचा लाल फुल्यांनी भरलेला गणिताचा पेपर नवऱ्याच्या हातात. त्यांनी ट्यूबबद्दल विचारलं. मी म्हटलं, "आईबापाकडून पोरांत काय काय उतरतं, ते सगळं असल्या धाग्यांत लिहिलेलं असतं. हे केळ्याचे आहेत."

नवरा पेपरकडं बघत म्हणाला, "आमच्या पोरात माझं काय उतरलेलं दिसत न्हाय."

बायको शांतपणे म्हणाली, "उतरलंय की. हातातच हाय तुमच्या."

*

आणि स्नेहल. ही लोणी भापकरची. वडिलांच्या चार म्हशी. ते रोज बारामतीत रतीब घालायचे, आमच्या कँटीनलाही दूध त्यांचंच.

त्या दिवशी स्टार्चची टेस्ट होती. घरून काहीही आणा, आयोडीनचे थेंब टाका, निळं झालं तर स्टार्च आहे. कुणी बटाटा आणला, कुणी भात. स्नेहलनं वडिलांच्या रतिबाच्या किटलीतलं दूध बाटलीत आणलं. म्हणाली, "मॅडम, एक तरी निळं न होणारं पाहिजे ना."

दूध उकळून गार केलं आणि थेंब टाकले. शाई सांडावी तसं निळं झालं.

दुधात स्टार्च नसतो. पाणी घातलेलं दूध दाट दिसावं म्हणून कुणी पीठ कालवलं, तरच असतो. हे मी त्याच तासाला शिकवलं होतं.

शेजारची म्हणाली, "ट्यूब बटाट्याची असंल गं, धू." तिनं धुतली. पुन्हा निळं. मी कपाटातली नवी ट्यूब दिली. तरी निळंच.

मी तिच्या बाकाजवळ गेले. "जर्नलमध्ये बटाट्याचं लिही. चालेल."

"मॅडम, निरीक्षण लिहायचंय ना?"

आणि तिनं लिहिलं, 'दूध. निळे झाले. स्टार्च आहे.' अक्षर नेहमीसारखंच, सरळ.

मग तीन दिवस ती आली नाही. मी फोन उचलायचे आणि ठेवायचे. काय बोलणार?

चौथ्या दिवशी सकाळी तिचे वडील लॅबच्या दारात उभे. हातात किटली, मागं स्नेहल. चपला बाहेर काढून ते आत आले.

"बाई, आजचं तपासा."

मी स्नेहलकडं ड्रॉपर दिला. तिनं किटलीतलं दूध ट्यूबमध्ये घेतलं, उकळून गार केलं. थेंब पडले. दूध पिवळसर झालं आणि तसंच राहिलं.

"परत कर," वडील म्हणाले. तिनं परत केलं. पिवळसरच.

"तीन दिस झालं, घरचा च्या पिली न्हाय ही," ते भिंतीकडं बघत म्हणाले.

स्नेहलनं जर्नल उघडलं. त्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली, 'दूध. निळे झाले नाही.' वडिलांनी खिशातलं पेन काढलं. आधी वरच्या ओळीपुढं सही केली, मग खालच्या.

मी म्हटलं, "अहो, इथं पालकांची सही लागत नाही."

त्यांनी किटली उचलली.

"पालक म्हणून न्हाय केली, बाई."