मेंढरांनी खाल्लेला बांध

एखादं काम पुरं होतं, पण त्याच्या गोष्टी काही पुऱ्या होत नाहीत. आमच्या बांधाचं तसंच झालं. कासार आंबोलीच्या आमच्या महिला मंडळानं ओढ्यावर मातीच्या पोत्यांचा बांध घातला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी पापड लाटायला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "त्या मेंढरांचं सांगा की!" मग लाट्या वाळून जातात, पण किस्से थांबत नाहीत. म्हटलं, एकदा लिहूनच काढावेत.

* * *

आम्ही मूळचे बार्शीकडचे. यजमानांना पिरंगुटच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून इकडे आलो. इथला पाऊस पाहून मी हरखूनच गेले होते. आमच्याकडे आभाळाकडे बघत बसायचं, आणि इथे आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत! पण होळी झाली की ओढा कोरडा ठणठणीत. सगळं पाणी खाली वाहून गेलेलं. मग हंडे घेऊन हातपंपावर रांगा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट असेल. मंडळाच्या अध्यक्ष लीलाकाकू माहेरी गेल्या होत्या. तिथे बायकांनी रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढा अडवलेला त्यांनी पाहिला. आल्या आल्या मारुतीच्या देवळात मीटिंग बोलावली. मीटिंगला तालुक्याहून एक सरकारी साहेबही आले होते. ते म्हणाले, "आधी प्रस्ताव द्या. मग पाहणी होईल, मग मंजुरी येईल."

लीलाकाकू म्हणाल्या, "बरं. तवर वाहू नको म्हणून वड्याला तुमीच सांगून येता का?"

साहेबांनी चहा अर्धा ठेवला आणि गेले!

* * *

त्याच मीटिंगला दाराशी ठकूबाई बसली होती. टेकडीखालच्या धनगरवस्तीतली. ती कधी बोलायची नाही. त्या दिवशी मात्र तिनं विचारलं, "काकू, ह्या बांधानं पानी पाऊस पडंपतुर ऱ्हाईल का?"

"का गं? तुला काय करायचंय? तू तर होळी झाली की मेंढरं घिऊन धरणाकडं जातीस."

"म्हनूनच इचारतीया. माज्या दारात तुळस जगत न्हाई. दर वर्सी लावती. आमी गेलो की वाळती. पावसात येऊन बघावं तर नुसती काडी. लगीन होऊन आले तवापासनं एकदा बी उन्हाळ्यात घरी न्हाई राहिले मी."

मग काकू म्हणाल्या, "ठकू, ह्या वर्सी तुळस लाव. मोठ्या डब्यात लाव."

बांधाचं खरं भूमिपूजन तेच, असं मला अजून वाटतं.

* * *

पोती गोळा करायची होती. तेव्हा आमच्याकडे शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांचे बंगले बांधायला सुरुवात झाली होती. म्हणजे सिमेंटची रिकामी पोती भरपूर. आम्ही पाचसहा जणी एका बंगल्यावर गेलो. मालकीणबाई नुकत्याच गाडीतून उतरत होत्या.

मी म्हटलं, "ताई, जुनं काही असेल तर पाहिजे होतं."

मी पोत्यांबद्दल बोलत होते हो! पण बाई आत गेल्या आणि दोन ड्रेस, एक स्वेटर आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आल्या. "मुलांना द्या हं," म्हणाल्या.

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगावर माझी चांगली ठेवणीतली साडी होती. पण लीलाकाकूंनी शांतपणे सगळं घेतलं, बिस्किटं आम्हाला वाटली आणि म्हणाल्या, "आता आमी मागायला काय आलोय ते सांगू का?"

त्या बाई इतक्या ओशाळल्या की पोती स्वतःच्या गाडीतून ओढ्यापर्यंत आणून दिली. नव्या गाडीत सिमेंटच सिमेंट!

* * *

श्रमदानाच्या दिवशी बायका माती भरत होत्या आणि पुरुषमंडळी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून सल्ले देत होती. "डावीकडं घ्या." "पोतं आडवं नको, उभं लावा." "हे काय टिकत न्हाई."

काकूंनी सगळ्यांना चहा पाठवला. चहाच्या प्रत्येक कपाबरोबर एक दाभण आणि सुतळी.

"चहा घेतला ना? मग आता पोती शिवा."

चहा पिऊन झालेला. नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. भिकोबा पैलवान सगळ्यात जास्त कुरकुरले. पण त्यांनी पोतं शिवायला घेतलं आणि आम्ही बघतच राहिलो. इतका बारीक, सरळ टाका! तालमीत लंगोट शिवून शिवून हात बसला होता म्हणे.

त्यानंतर महिनाभर पैलवानांच्या घरी बायका साडीला फॉल लावून मागायला जात होत्या. त्यांनी दोघींचे लावूनही दिले. घराचं दार लावून!

* * *

आता मेंढरांचा किस्सा. बांध कमरेएवढा झाला आणि सिमेंटची पोती संपली. पिरंगुटच्या बाजारात एका दुकानदाराकडे गोणपाटं पडून होती. खडेमिठाची. त्यानं आनंदानं दिली. आम्हीही आनंदानं आणली, माती भरली, वरच्या थराला लावली. ओढा अडला. पाणी चढायला लागलं. आम्ही नारळ फोडला, एकमेकींना कुंकू लावलं आणि घरी जाऊन झोपलो.

सकाळी ठकूबाई धावत आली. "काकू, बांद ग्येला!"

जाऊन पाहतो तर वरचा थर गायब. माती खाली सांडलेली, पाणी भळाभळा वाहून चाललेलं. आणि बांधावर ठकूबाईचीच मेंढरं उभी! मिठात मुरलेली गोणपाटं मेंढ्यांनी चाटून चाटून भिजवली होती आणि बरोबरच्या शेळ्यांनी कुरतडून फस्त केली होती. एक बोकड तर शेवटचा तुकडा चघळत आमच्याकडे बघत होता.

मिठाची पोती, शेजारी धनगरवस्ती, आणि आम्हा इतक्या बायकांपैकी एकीच्याही डोक्यात येऊ नये? मिठासाठी मेंढरं कशी वेडी होतात, हे ठकूबाईपेक्षा जास्त कुणाला माहीत? पण पोती शिवायला तीही आमच्यात बसली होती! ती मटकन खाली बसली.

"सगळ्या दुनियेची मेंढरं पानी पित्यात. माजी मेंढरं पानीच खाऊन बसली!"

आम्हाला रडावं की हसावं कळेना. काकूंना मात्र हसू फुटलं, आणि मग काय, सगळ्याच सुटलो. हसता हसता ठकूबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं नव्हतं. तेव्हा आम्ही मातीच्या पाट्या उचलल्या.

या वेळी उरवड्याच्या कारखान्यातून प्लास्टिकची पोती मिळवली. धुऊन, वास घेऊन मगच भरली! ठकूबाईनं वस्तीवर बाभळीला मिठाची पुरचुंडी टांगली. "खा मेल्यांनो, किती खायाचं ते हितं खा."

* * *

पाणी साठलं आणि शहराला त्याचा वास लागला. एका रविवारी कॉम्प्युटर कंपनीतली दोन जोडपी कॅमेरे घेऊन आली. त्यातल्या एकानं काकूंना विचारलं, "आंटी, इथे स्विमिंग अलाउड आहे का?"

"अलाउड हाय की! पर आदी मानशी एक पोतं भरायचं."

त्यांना वाटलं चेष्टा करतायत. काकूंनी फावडं पुढे केलं. गॉगल घालून, हातमोजे नाहीत म्हणून पायातले मोजे हातात चढवून त्या चौघांनी पोती भरली! दमल्यावर पोहायचं विसरूनच गेले. पिठलं-भाकरी खाऊन झाडाखाली झोपले.

पुढच्या रविवारी तेच चौघं आणखी तिघांना घेऊन आले. आल्याबरोबर नव्यांना म्हणाले, "ए, आधी पोतं. इथे रूल आहे!"

* * *

होळी झाली. बांधात पाणी होतं. वस्तीवरच्या बाकीच्या घरांनी नेहमीसारखी मेंढरं धरणाकडे नेली, पण ठकूबाई जागची हलेना. तिचा नवरा बिरुबा रोज सकाळी काठी घेऊन ओढ्यावर जायचा, पाण्यात बुडवून बघायचा आणि म्हणायचा, "गुडघाभर हाय. उद्या बगू." असं उद्या-उद्या करत चैत्र गेला. तुळशीला मंजिऱ्या आल्या. ठकूबाईनं मला आणि काकूंना मुद्दाम बघायला बोलावलं.

आम्ही तुळशीपाशी उभ्या होतो. भर दुपारची वेळ. एवढ्यात पायवाटेनं मोठ्यानं रडण्याचा आवाज आला. बघतो तर ठकूबाईचा भाऊ, भावजय आणि दोन म्हाताऱ्या छाती बडवत येतायत. भावजयीच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पाहुणे आणतात ना, तसं.

"दाजीऽऽ! आसं कसं वो ग्येलात!"

हा भाऊ राहायला धरणाकाठी, आणि इतक्या वर्षांत होळीनंतर बिरुबा तिथे आला नाही असं कधी झालंच नव्हतं. वस्तीवरची बाकीची घरं धरणाच्या पलीकडच्या काठाला उतरलेली, आणि फोन कुणाकडेच नाही. भावानं वाट वाट पाहिली आणि काय समजायचं ते समजला.

पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? बिरुबा सकाळीच मेंढरं घेऊन रानात गेलेला. ठकूबाईला वाटलं, आपल्या आधी भावालाच बातमी लागली! हातातला तांब्या टाकून ती धावली आणि भावाच्या गळ्यात पडून तिनं हंबरडा फोडला. मग काय, मीही रडायला लागले.

इतक्यात मागून मेंढरं आली. मेंढरांमागून बिरुबा. आपल्या दारात रडारड बघून तो जागीच थबकला. हळूच डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं, खाली मान घालून मागे उभा राहिला आणि काकूंना दबक्या आवाजात विचारलं,

"कोन ग्येलं वो?"

काकूंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी!"

सगळ्यांचं रडणं एकदम थांबलं. भावजय गाठोडं तसंच डोक्यावर धरून दाजींकडे बघत राहिली. मेंढरं भाकरीचा वास घेत तिच्याभोवती गोळा झाली.

ठकूबाईनं पदरानं डोळे पुसले. खाली पडलेला तांब्या उचलला, दारातल्या हंड्यात बुडवला आणि काठोकाठ भरून भावापुढे धरला.

"कुनी न्हाई ग्येलं, दादा. पानी हाय. पाय धू."